फोटो धूसर का येतात? ऑटोफोकस आणि शार्पनेसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात लग्नं, कुस्तीची मैदानं, मिरवणुका आणि जंगलातले पक्षी टिपणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आग्रह एकाच गोष्टीचा आहे: कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी किंवा लेन्स विकून टाकण्याआधी धूसरपणा कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. ऐन लग्नसराईत कॅमेरा हातातून गेला तर नुकसान मोठं असतं, आणि पुष्कळ वेळा दोष कॅमेऱ्यात नसतोच.

फोटो धूसर आलाय हे दिसतंय, पण बिघडलंय काय हे कसं कळायचं?

फोटो संगणकावर उघडून शंभर टक्के मोठा करा. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर निकाल लावू नका, तिथे सगळेच फोटो चांगले दिसतात. मग त्या फोटोत कुठेतरी एखादी गोष्ट तरी स्पष्ट आहे का ते शोधा.

नवरीचा चेहरा मऊ, म्हणजे अस्पष्ट, पडलाय आणि मागच्या मांडवाच्या झालरीचा धागान् धागा दिसतोय, तर फोकस लागलाय, पण भलत्या जागी. फोटोभर सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, दिव्यांच्या ठिपक्यांच्या बारीक रेघा झाल्यात, तर हात हलला. खांब, खुर्च्या, भिंत सगळं स्पष्ट आणि फक्त नाचणारा पोरगा पुसट, तर तो हलला आणि शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं ते) कमी पडला. काळा रंगही राखाडी, दिव्यांभोवती वलयं, अख्ख्या फोटोवर दुधासारखा पातळ थर असेल, तर काच मळलीय, तिच्यावर बाष्प धरलंय किंवा आत बुरशी आहे. आणि प्रत्येक फोटोत तोच एक कोपरा मऊ येत असेल, तर लेन्समधली एखादी काच जागेवरून सरकल्याचा संशय घ्यावा.

सोबत फोटोची माहिती उघडून शटर स्पीड, अ‍ॅपर्चर आणि फोकल लेंग्थ बघा. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं. फोकल लेंग्थ म्हणजे लेन्स दृश्य किती जवळ आणते ते सांगणारा मिमीतला आकडा. बऱ्याच कॅमेऱ्यांत प्लेबॅकच्या मेन्यूमध्ये कुठला फोकस पॉइंट (कॅमेरा जिथे नेम धरतो तो ठिपका) वापरला गेला ते दाखवायचा पर्याय असतो, तोही चालू करून ठेवा. पॉइंट डोळ्यावर होता आणि तरी डोळा मऊ आला, ही एक गोष्ट. पॉइंटच कानावर होता, ही अगदी वेगळी गोष्ट. पुढचे सगळे उपाय या भेदावर अवलंबून आहेत.

शटर अर्धं दाबलं की लेन्स नुसती पुढं-मागं जायलीय, फोकस काही लागेना. मोटर गेली काय?

मोटर गेली असती तर लेन्स फिरलीच नसती. फिरतेय, पण थांबत नाही, याचा अर्थ कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाही. ऑटोफोकसला उजेड-अंधाराची कड लागते. कोरी भिंत, एकरंगी शालू, पांढरं धुकं यांच्यावर कड नसते, म्हणून तो चाचपडत राहतो.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत याचा अनुभव हमखास येतो. १२०४ सालचं ते मंदिर, आत उजेड कमी, आणि छतातलं दगडी कमळ काळसर. पॉइंट पाकळीच्या मधोमध ठेवलात तर लेन्स घुटमळत राहील. पाकळीच्या कडेवर, जिथे उजेड आणि सावली एकमेकांना भिडतात, तिथे ठेवा. फोकसचा मधला पॉइंट निवडा. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, तो बहुधा सगळ्यांत संवेदनशील असतो. तरीही जमलं नाही तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघत) तो भाग दहापट मोठा करून हाताने फोकस करा. दगड हलत नाही, घाई कसली?

चोर्ला घाटात किंवा कणकुंबीला पावसाळी धुक्यातही हेच करावं लागतं: धुक्यावर नेम धरण्याऐवजी त्याच अंतरावरच्या झाडाच्या काळ्या बुंध्यावर फोकस घ्या, लॉक करा, मग फ्रेम बांधा.

आणखी एक कारण म्हणजे फार जवळ जाणं. प्रत्येक लेन्सला किमान अंतर असतं. निकॉनच्या ५० मिमी एफ १.८ जी लेन्सला ते ४५ सेंटिमीटर आहे. त्याहून जवळून नवरीच्या मेंदीचा किंवा अंगठीचा फोटो घेऊ पाहाल तर ऑटोफोकस लागणारच नाही. मागे सरका आणि नंतर क्रॉप करा.

ऑटोफोकस अजिबातच चालत नाही. आवाजसुद्धा नाही.

आधी लेन्सवरचं बटण बघा. बॅगेतून काढताना एएफचं (ऑटोफोकस) एमएफ (हाताने फोकस) होऊन जातं, आणि मांडवात घाईत ते लक्षात येत नाही. मग कॅमेरा बंद करून लेन्स काढा, तिच्या मागचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसा, पुन्हा बसवा. टक् आवाज येईपर्यंत फिरवा.

लेन्स जुनी, सेकंडहँड घेतलेली असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर एएफ-डी जातीची, स्वतःची मोटर नसलेली लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हातानेच करावा लागतो. उलट नव्या एएफ-पी लेन्स काही जुन्या निकॉन बॉडींवर फोकसच करत नाहीत. स्वस्तात लेन्स मिळाली म्हणून पैसे मोजण्याआधी आपल्या बॉडीवर लावून बघा.

अक्षता पडताना फोकस नेमका तांदळावर जातो. काय करावं?

लग्नाच्या फोटोत हा सगळ्यांत महागडा क्षण, आणि पुन्हा मिळणार नाही. ‘शुभ मंगल सावधान’ झालं, अंतरपाट बाजूला झाला आणि चारी बाजूंनी अक्षता सुटल्या की कॅमेरा आणि वधूवर यांच्यामध्ये शेकडो दाणे येतात. कॅमेरा आपोआप पॉइंट निवडत असेल तर तो बहुधा जवळची वस्तू धरतो. म्हणून पॉइंट कधीही कॅमेऱ्यावर सोपवू नका. एकच पॉइंट, तुम्ही निवडलेला.

याहून भरवशाची पद्धत म्हणजे फोकस आधीच घेऊन ठेवणं. अंतरपाट धरलेला असतानाच वधू किंवा वर, जो तुमच्या बाजूला दिसतोय, त्याच्या डोळ्यावर फोकस घ्या. मग लेन्सचं बटण एमएफवर टाका किंवा बॅक बटण फोकस (शटरऐवजी मागच्या बटणाने फोकस) वापरत असाल तर अंगठा उचला. आता समोरून काहीही गेलं तरी लेन्स जागची हलणार नाही. तुम्ही स्वतः मात्र पुढे-मागे होऊ नका. अ‍ॅपर्चर एफ ४ ते एफ ५.६ ठेवा, म्हणजे दोघांपैकी एक जण थोडा पुढे झुकला तरी निभावतं. शटर १/३२० च्या खाली नको.

सतत फोकसच ठेवायचा असेल तर मेन्यूत ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करून ठेवा. निकॉन त्याला लॉक-ऑन म्हणतं. मध्ये काही आडवं आलं तर लगेच उडी मारू नको, असं कॅमेऱ्याला सांगणारी ही सेटिंग आहे.

मिररलेसवाल्यांसाठी, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा वापरणाऱ्यांसाठी, एक सूचना. डोळा ओळखणारा फोकस उत्तम चालतो, पण मुंडावळ्यांच्या लडी डोळ्यापुढे लोंबत असल्या की कधीकधी तो त्या मोत्यांवर बसतो. दोन-तीन फोटो काढून मोठे करून बघा. तसं होत असेल तर मुंडावळ्या कानामागे सारायला करवलीला सांगा. घरच्यांना त्याचं काही वाटत नाही, आपल्यासारखा बाहेरचा माणूस हात लावायला गेला तर वाटतं.

पन्नास एक-आठ लेन्सने एक डोळा शार्प येतो, दुसरा मऊ. लेन्स खराब आहे का?

नाही. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने दीड मीटरवरून एफ १.८ ला फोटो काढलात तर स्पष्टतेची पट्टी साधारण साडेसहा सेंटिमीटरांची असते, आणि जवळ गेलात की झपाट्याने अरुंद होते. मान थोडी वळली की दुसरा डोळा तिच्याबाहेर जाऊ शकतो. एफ ४ केलंत तर तीच पट्टी दुपटीहून जास्त होते.

फोकस लॉक करून फ्रेम सरकवायची सवयही इथे नडते. मधल्या पॉइंटने डोळा धरला आणि कॅमेरा वळवला की फोकसची पातळीही वळते. बाजूचा पॉइंट थेट डोळ्यावर नेणं हाच उपाय.

फ्रंट फोकस, बॅक फोकस म्हणजे काय? घरी तपासता येतं का?

डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली वेगळा बसवलेला असतो आणि फोटो घेणारा सेन्सर वेगळा असतो. दोघांमधलं अंतर जुळण्यात केसाएवढी चूक राहिली की कॅमेरा ‘लागला’ म्हणतो आणि फोटो मात्र ठरलेल्या जागेच्या पुढे किंवा मागे स्पष्ट येतो. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजतात, त्यामुळे ही भानगड तिथे जवळजवळ उरत नाही.

तपासणी सोपी आहे. ‘तरुण भारत’चं एक पान टेबलावर सपाट पसरा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून पानाकडे सुमारे ४५ अंशांत तिरका बघेल असा ठेवा. ५० मिमी लेन्स असेल तर अंतर अडीच मीटरांच्या आसपास. पानाच्या मधल्या एका ठळक मथळ्याखाली पेनाने जाड आडवी रेघ मारा. अ‍ॅपर्चर सर्वांत मोठं, मधला पॉइंट त्या रेघेवर, टायमर लावून फोटो घ्या. प्रत्येक वेळी फोकस आधी हाताने बिघडवा, मग पुन्हा लागू द्या, आणि असे आठ-दहा फोटो काढा. एकाच फोटोवरून निष्कर्ष काढणारे फसतात. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये तेवढेच फोटो घ्या.

लाइव्ह व्ह्यूचे स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरचे दर वेळी एकाच बाजूला चुकलेले, तर जुळणी बिघडलीय. कधी पुढे, कधी मागे असं होत असेल तर दोष जुळणीचा नाही. उजेड कमी आहे किंवा पॉइंट रेघेवरून निसटतोय.

कॅननच्या ८०डी, ९०डी किंवा निकॉनच्या डी७००० मालिकेत ही चूक मेन्यूतून सुधारता येते. कॅनन त्याला मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट म्हणतं, निकॉन फाइन-ट्यून. उणे २० ते अधिक २० पर्यंत आकडे असतात. डी५६०० किंवा १५००डी यांत ही सोय नाही. तिथे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच बॉडी आणि लेन्स दोन्ही द्यावी लागतात.

कुस्तीच्या मैदानात पैलवान पुसट येतात.

फोकस सिंगलवर असेल तर तसंच होणार. सिंगलमध्ये कॅमेरा एकदा लॉक करतो आणि थांबतो, तोवर पैलवान दोन हात पुढे आलेला असतो. सतत फोकस, म्हणजे एएफ-सी किंवा कॅननचा एआय सर्वो, लावा. शटर १/५०० पासून सुरू करा. ढाक किंवा एकचाक असा डाव टिपायचा असेल तर १/८०० हवा. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० झाला तरी होऊ द्या. दाणेदार फोटो छापता येतो.

पंच मध्ये येतात, त्याला इलाज नाही. वर अक्षतांसाठी सांगितलेली लॉक-ऑनची सेटिंग इथेही कामाला येते. तांबड्या मातीत बसून, खालच्या कोनातून फोटो घेत असाल तर आखाड्याच्या कडेची माती पुढे येऊन फोकस चोरते. पॉइंटांचा मोठा गट न वापरता छोटा वापरा, आणि तो अंगावर न ठेवता लांगेच्या कडेवर किंवा चेहऱ्यावर ठेवा. घामेजलेल्या पाठीवर पकड मिळत नाही.

शिवजयंतीच्या चित्ररथांचे रात्रीचे फोटो कधी बरे, कधी एकदम वाईट. रंगांचे पट्टेही येतात.

बेळगावची मिरवणूक रात्रभर चालते, आणि गणपत गल्ली-मारुती गल्लीत एका क्षणी पलित्यांचा उजेड असतो, पुढच्या क्षणी एलईडीचा झोत. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, म्हणून अनेक स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं: पट्टे येतात, आणि ऑटोफोकसही अडखळू शकतो. देखाव्यातली माणसं स्तब्ध उभी असतील तर १/१०० ठेवा. मिररलेसवर सायलेंट शटर बंद करून मेकॅनिकल वापरा. लुकलुक टाळणारी अँटी-फ्लिकर सेटिंग असेल तर चालू करा.

धुराचे लोट सोडले की फोकस धुरावर बसतो. धूर विरेपर्यंत थांबा. लेझीम आणि ढोलपथकाला मात्र १/२५० च्या खाली जाऊ नका.

गोकाकच्या धबधब्याला ट्रायपॉड लावूनही फोटो हलला. असं कसं?

झुलत्या पुलावर लावला होता का? पुलावरून माणसं चालली की पूलच हलतो, त्याबरोबर ट्रायपॉडही. तिथून काढायचाच तर हातात धरून १/५०० ने काढा. पाणी रेशमासारखं हवं असेल तर घाटप्रभेच्या काठावरचा पक्का खडक शोधा, टायमर दोन सेकंदांचा ठेवा आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा. ट्रायपॉडवर ते चालू राहिलं तर काही लेन्समध्ये तेच कंप निर्माण करतं. तुषारांनी पुढची काच भिजलीय का हेही दर दोन फोटोंनंतर बघा.

हातात धरून काढताना साधा हिशेब: फोकल लेंग्थला दीडने गुणा, सेकंदाच्या तेवढ्याव्या भागापेक्षा शटर हळू नको. २०० मिमीला १/३००, म्हणजे कॅमेऱ्यावर १/३२०. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही.

एफ २२ ठेवलं की सगळं शार्प येतं ना?

खोली वाढते, पण विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) अख्खा फोटो मऊ होतो. बहुतेक किट लेन्स एफ ८ च्या आसपास सर्वांत स्पष्ट असतात. तीन ओळींच्या कौटुंबिक ग्रुप फोटोलाही एफ ५.६ ते ८ पुरतं.

शेतातून राजहंसगडाचा फोटो टेलि लेन्सने काढला, तटबंदी लाटांसारखी दिसते.

एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवा उठते, तिच्यातून प्रकाश वाकडातिकडा येतो. कितीही महाग लेन्स लावा, हेच दिसेल. सूर्योदयाच्या सुमारास जा, किंवा जवळ जा.

व्ह्यूफाइंडरमधून सगळंच अस्पष्ट दिसतं, फोटो मात्र चांगले येतात.

व्ह्यूफाइंडरशेजारी एक छोटं चाक असतं, ते तुमच्या नजरेनुसार फिरवायचं. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत फिरवा.

पावसाळ्यात लेन्स धुरकट होते. बुरशी कशी टाळायची?

खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात राहणाऱ्यांनी हा प्रश्न सगळ्यांत गंभीरपणे घ्यावा. जून ते सप्टेंबर घरातली हवा ओलीच असते. अशा हवेत कपाटात, आणि त्यातही चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद ठेवलेल्या लेन्सवर बुरशी हमखास धरते. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. त्या टप्प्यात फोटोवर फरकही कळत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पुढे ती काचेवरचा लेप खाते. मग साफ केली तरी डाग राहतात.

मोठा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. रंग बदलणारी सिलिका मिळाली तर बरं, रंग पालटला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येते, पण ती कढई परत स्वयंपाकाला नको. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा सल्ला देतात, तो ऐकू नका. तांदळाचं पीठ झूमच्या रिंगमध्ये शिरतं. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा. वापरात असलेल्या लेन्सवर बुरशी सहसा धरत नाही.

आत बुरशी दिसतेय का हे बघायला लेन्स काढा, अ‍ॅपर्चर उघडा ठेवून मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. दिसली तर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. बाहेरची काच पुसून आतली बुरशी जात नाही, आणि घरी लेन्स उघडू नका.

तात्पुरतं धुकं वेगळं. एसी गाडीतून एकदम दमट हवेत उतरलात की थंड काचेवर बाष्प धरतं. पुसत बसू नका, कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्या.

यूव्ही फिल्टर काढावा का?

स्वस्तातला असेल तर काढून एकदा तुलना करा. टेलि लेन्सवर साध्या काचेचा फिल्टर फोटो उघड मऊ करतो, आणि रात्री दिव्यांची भुतं, म्हणजे खोटी प्रतिबिंबं, दिसतात. पुढची काच सांभाळायला हूड पुरेसा आहे. उसाच्या धुरळ्यात किंवा गुलालात मात्र चांगला फिल्टर असलेला बरा.

फोटो माझ्याकडे शार्प आहे, पाहुण्यांच्या मोबाइलवर मऊ दिसतो.

व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. गिऱ्हाइकाशी वाद घालण्याआधी त्याला कुठली फाइल मिळालीय ते विचारा.

कॅमेऱ्यातलाच जेपेग मऊ येत असेल तर नॉइज रिडक्शन कमी करा. जास्त आयएसओवर ते केसांचे, साडीच्या काठाचे बारीक तपशील पुसून टाकतं. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) उघडल्यावर सुरुवातीला मऊ दिसते ते साहजिक आहे, शार्पनिंग नंतर आपण करायचं असतं.

दुरुस्तीला कधी द्यावा?

लेन्स पडल्यानंतर एकच बाजू मऊ येत असेल, झूम फिरवताना खरखर किंवा अडखळ जाणवत असेल, दुसऱ्या बॉडीवरही तीच लेन्स फोकस करत नसेल, आत बुरशी असेल, किंवा वर्तमानपत्राच्या चाचणीत दर वेळी एकाच बाजूला चूक येत असेल आणि ती मेन्यूतून सुधारत नसेल, तर द्या. पडलेली लेन्स तपासायला विटांच्या सपाट भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर उभा करा, एफ ४ किंवा ५.६ ला फोटो घ्या आणि चारही कोपरे ताडून बघा.

देताना ‘फोकस होत नाही’ एवढंच सांगून सोडू नका. चाचणीचे फोटो पेनड्राइव्हवर द्या, कुठल्या फोकल लेंग्थला आणि कुठल्या अंतरावर चुकतंय ते कागदावर लिहा. बॉडी आणि लेन्सचे सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्याला कुरिअरने पाठवणार असाल तर मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, लेन्सला पुढचं-मागचं दोन्ही झाकणं लावा, आणि परत आल्यावर तीच वर्तमानपत्राची चाचणी पुन्हा करून बघितल्याशिवाय पुढच्या लग्नाला तो कॅमेरा नेऊ नका.